सत्तावीस नंबरचा खिळा

३ फेब्रुवारी, सोमवार

लागले एकदाची नोकरीला! सकाळी साडेनऊला बसमधून उतरले तेव्हा एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात बादली आणि पाठीवर वळकटी. ड्रायव्हरनं विचारलं, बाई, सगळं घर उचलून निघालात की काय. म्हटलं, घरच आहे हे, मागे काही ठेवलेलं नाही. सगळी बस हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून गालसुद्धा दुखले.

खोली चौकीच्या मागच्या अंगाला आहे. लोखंडी खाट, एक खिडकी, खिडकीत अख्खा डोंगर. नळ बाहेर, पण पाणी गोड. आधीच्या माणसानं भिंतीत सतरा खिळे ठोकून ठेवलेत, त्यामुळे कपड्यांची सोय आयती झाली. झाडलोट केली, स्टोव्ह मांडला, ही वही उशाशी ठेवली. रोज लिहायचं ठरवलंय.

काम सोपं आहे. इथल्या राखीव जंगलात लाल, पिवळी आणि निळी अशा तीन वाटा आहेत. झाडांवर त्या त्या रंगाचे पट्टे मारलेत. तिन्ही जोडून अकरा किलोमीटरची 'मोठी फेरी' होते. फाटकातून निघायचं आणि डोंगराला वळसा घालून त्याच फाटकाशी यायचं. मी पुसट झालेले पट्टे रंगवायचे, पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, सुटलेल्या पायऱ्या बसवायच्या.

चौकीच्या ओसरीत एक मोठा फळा आहे. त्यावर साठ खिळे, प्रत्येक खिळ्याला दोरीत ओवलेला पितळी नंबरी बिल्ला. आत जाणाऱ्यानं वहीत नाव लिहायचं, एक बिल्ला गळ्यात घालायचा, परत आल्यावर त्याच खिळ्याला अडकवायचा. पाच वाजता खिळा रिकामा दिसला की माणूस आत राहिलाय असं समजून सगळ्यांनी शोधायला निघायचं. ज्याला हे सुचलं त्याचं डोकं जागेवर होतं. मला एक्केचाळीस नंबर कायमचा मिळालाय.

इथले साहेब पन्नाशीचे, भांग पाडलेले, बोलायला मध. रोज पाच वाजता फळ्याचा फोटो काढून वरच्या ऑफिसला पाठवतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव फोटोसाहेब ठेवलंय.

आता खरं लिहिते. अर्जावर सासरचं आडनाव आहे, त्यामुळे मी कोण हे इथे कुणाला ठाऊक नाही. चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ, बारक्या, ह्याच फाटकातून आत गेला. वहीत त्याच्या नावापुढे सत्तावीस नंबर आहे. तो बाहेर आला नाही. पोलीस म्हणतात, आला. त्या दिवशीच्या फोटोत साठच्या साठ बिल्ले आहेत. बाहेर त्याची स्कूटर तशीच उभी होती, डिकीत डबा न उघडलेला. तरी म्हणे, आला, आणि बस पकडून कुठेतरी निघून गेला, कारण घरी भांडण झालं होतं. भांडण माझ्याशीच झालं होतं. वर्षात तिसरी नोकरी सोडून आला होता तो. मी म्हटलं होतं, धड नोकरी मिळेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस. तेव्हापासून ताईनं भावाला घालवला, असं सगळं घर धरून आहे. आई माझ्याशी सिलिंडर आणि औषधं एवढ्यापुरतंच बोलते.

तो फोटो मी चार वर्षं पाहतेय. त्यात सत्तावीस नंबर शेजारच्या बिल्ल्यांपेक्षा जास्त चकाकतो. का, ते शोधायला आलेय. आज मात्र झोप छान लागणार, हवाच अशी आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली फेरी केली. लाल वाट दाट झाडीतून चढते, पायऱ्यांनी गुडघे बोलायला लागतात. पिवळी माथ्यावरून जाते, नुसतं गवत आणि वारा, मधे एक बाक. निळी ओढ्याच्या कडेनं उतरते. शेवटी एक घराएवढा खडक आहे. त्याला वळसा घातला की समोर फाटक, दोनशे पावलांवर. वाटेत अकरा माणसं भेटली, त्यात एक आजोबा माझ्याहून भरभर चालत होते. मेलं वय झालं म्हणायचं आता.

पाच वाजता ओसरीत गेले. बावन्नचा खिळा रिकामा होता. मी आपली टॉर्च आणायला वळले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, टेबलाचा खण उघडला, बिस्किटांच्या डब्यातून दुसरा बावन्न नंबर काढला, खिळ्याला लावला आणि फोटो काढला.

मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, लोक विसरतात हो, बिल्ला खिशात घालून घरी जातात, मग पोस्टानं पाठवतात. प्रत्येकासाठी डोंगर धुंडाळायचा तर पाय राहतील का आपले? साठही नंबरांची जोडी करून ठेवलीय त्यांनी. सात वाजता खरंच एका बाईचा फोन आला, बिल्ला पोराच्या दप्तरात सापडला म्हणून. साहेब माझ्याकडे बघून हसले. मी ओठ आवळले आणि झाडू हातात घेतला. दुसराच दिवस आहे नोकरीचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज फळा पुसायचं निमित्त काढलं. साठांपैकी नऊ बिल्ले खिळ्याला तारेनं करकचून बांधलेत. नऊही कोरे, चकचकीत. सात, चौदा, सत्तावीस—

पुसत राहिले. साहेबांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, ह्यांचे मूळ बिल्ले परत आलेच नाहीत. उद्या आले तर एका नंबरचे दोन होतील, घोळ नको, म्हणून तो नंबर बांधून टाकायचा. मूळ आला की तार सोडायची. मी विचारलं, आणि माणूस आला नसेल तर? ते म्हणाले, बिल्ला नाही आला म्हणजे माणूस नाही आला असं थोडंच आहे. आणि चहा घ्या म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली. बारक्या गेला त्या दिवशीही पाच वाजून एक मिनिट झालं असेल. ह्या माणसानं खण उघडला, डब्यात हात घातला, माझ्या भावाला 'आला' करून टाकलं आणि गाडी काढून घरी गेला. चार वर्षं माझी आई दाराची कडी वाजली की उठते. चार वर्षं मी स्वतःला खात बसलेय. आणि हा मला साखर किती म्हणून विचारतो!

चहा ओढ्यात नेऊन ओतला. कपसुद्धा टाकणार होते, पण कप सरकारी आहे, उद्या माझ्याच नावावर लागेल.

वरच्या ऑफिसला फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुमच्या चौकीचा फळा रोज भरलेला येतो, सगळ्यांत चांगली चौकी आहे तुमची.

९ फेब्रुवारी, रविवार

हे जसं घडलं तसंच लिहिते, मीठमसाला न लावता.

दुपारी दोनला पिवळ्या वाटेवर एक गृहस्थ भेटले. साठीचे, कापडी टोपी, हातात काठी, गळ्यात बिल्ला. फाटक किती लांब म्हणून विचारलं. मी म्हटलं, तासाभराचं. ते म्हणाले, वाटलंच मला, आता आलंच. फार प्रसन्न माणूस. हवा किती छान आहे म्हणाले. मी त्यांना मागे टाकून पुढे गेले.

निळ्या वाटेवर ओढ्याशी पुन्हा तेच. ह्या वेळी माझ्या पुढे होते. मधे आडवाट नाही, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. त्यांनी पुन्हा विचारलं, फाटक किती लांब. मला ओळखलं नव्हतं. काठीचं टोक झिजून झिजून काठी गुडघ्याएवढी राहिली होती, म्हणून ते कमरेत वाकून चालत होते. बूट वरून शाबूत, खाली तळवेच नाहीत. मी एकदा पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं नाही. फक्त बिल्ल्याचा नंबर पाहिला. चौदा.

मी पळाले. हो, पळाले. खडकापाशी येऊन मागे पाहिलं. ते आले, खडकाला वळसा घातला, फाटकाच्या दिशेनं दहा पावलं टाकली. फाटक त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पण त्यांना ते दिसत नव्हतं. काहीतरी गुणगुणत चालत होते, आणि अकराव्या पावलाला तिथे कुणी नव्हतं. मग वर, लाल वाटेच्या चढावर, झाडीतून तेच गुणगुणणं ऐकू आलं.

ओसरीत जाऊन चौदाच्या खिळ्याला हात लावून पाहिला. तार घट्ट होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फाटकाबाहेर टपरी चालवणाऱ्या मावशींना आज गाठलंच. नऊ वर्षं चहा विकतायत इथे. आधी कानांवर हात ठेवले. मी कोण ते सांगितलं तेव्हा खाली बसल्या.

रोज चारच्या सुमाराला खडकापाशी बोलणी ऐकू येतात म्हणाल्या. हसतात, एकमेकांना आलंच फाटक, आलंच म्हणतात, आणि विरून जातात. कधीच चिडत नाहीत, रडत नाहीत. नवा माणूस पहिले काही दिवस ओरडतो, शिव्या घालतो. मग हळूहळू शांत होतो. शांत झाला की संपलं. एकच अजून धुसफुसत जातो, तरुण आहे, पायानं दगड उडवत जातो.

बारक्याच तो. लहानपणापासून रुसला की दगड उडवतो. किती बूट फाडलेत त्यानं!

मी मावशींवर ओरडले. नऊ वर्षं मूग गिळून बसलात, तोंड शिवलं होतं का तुमचं? त्या म्हणाल्या, कुणाला सांगणार होते, फळा भरलेला असतो ना. आणि टपरी ह्याच फाटकाशी लावायचीय. एकदा पाचच्या आधी साहेब आजारी पडून गेले होते, बिल्ले टांगायला कुणी नव्हतं, तेव्हा राहिलेली एक मुलगी संध्याकाळी सात वाजता आपल्या पायांनी बाहेर आली होती. खिळा रिकामा असला की येता येतं, एवढं मला कळतं, असं म्हणाल्या.

एवढं कळत होतं तर तार का नाही तोडली म्हणून विचारलं. त्या कप विसळायला लागल्या. नंतर मलाच वाईट वाटलं. पण फार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी पक्कड घेतली आणि सत्तावीसची तार तोडली. बिल्ला ओढ्यात भिरकावला. धावत आतल्या बाजूनं खडकापाशी जाऊन उभी राहिले.

चारला दहा मिनिटं कमी असताना आला. तोच हिरवा शर्ट, कोपराला मीच रफू केलेला. मान खाली, दगड उडवत. आणि मान वर करून त्यानं फाटकाकडे पाहिलं. खरंच पाहिलं! थांबला. डोळ्यांवर हात धरला. मी हाक मारणार—

त्याचे डोळे फाटकावरून घसरले, कुणी पुसून टाकावं तसे. पुन्हा मान खाली. दहा पावलं. नाही.

ओसरीत धावले. साहेब सत्तावीसच्या खिळ्याला नवा बिल्ला बांधत होते. कोऱ्या चकत्या आहेत त्यांच्याकडे, आणि नंबर ठोकायचा पंच. म्हणाले, तुम्ही पुसताना तार तुटली वाटतं, जरा सांभाळून पुसत जा.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. सगळं सांगितलं. बारक्याचं नाव, स्कूटर, डबा, आई. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, बाई, तुम्ही खूप सोसलंय, पण फोटोत तर आहे ना. वर, खोटी माहिती देऊन नोकरी मिळवलीत, ते मी वर कळवत नाही म्हणून उपकार माना म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा! ह्याला ठाऊक नाही असं नाही. ह्याला ठाऊक करून घ्यायचंच नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आईला फोन केला. सांगितलं, तो पळून गेला नव्हता, मला भेटलाय, मी आणतेय. ती म्हणाली, पुरे कर आता. मग म्हणाली, जेवतो का गं नीट?

साहेब शनिवारी रजेवर आहेत. चौकीच्या किल्ल्या माझ्याकडे. मावशी ओसरीत बसणार आहेत, फळ्याला कुणाला हात लावू देणार नाहीत, शपथ घेतलीय. मी नऊच्या नऊ तारा तोडणार. आत जाऊन त्याचा हात धरून बाहेर काढणार. एकटा सोडला तर येणार नाही तो, रुसलाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी १०. नऊही खिळे रिकामे केले. डबा, चकत्या, पंच, सगळं चौकीमागच्या विहिरीत. मावशी खुर्ची टाकून बसल्यात, हातात लाटणं. माझ्या गळ्यात एक्केचाळीस. वही खिशात. लिहिलं की राग टिकतो, आणि आज राग लागणार आहे.

१२.४०. पिवळी वाट. चौदा नंबरचे टोपीवाले आजोबा भेटले. म्हटलं, चला, खिळा रिकामा आहे तुमचा, आज बाहेर जाता येईल. म्हणाले, घाई काय आहे? दोन बायका भेटल्या, सात आणि तेहतीस. त्याही हसल्या. हवा छान आहे म्हणाल्या. एकीचा हात धरून ओढलं, तर अलगद सोडवून घेतला. जोर केला नाही, राग आला नाही. ह्यांना फरफटत नेलं तरी परत येतील. राग कसा येत नाही ह्यांना? घरी कुणी वाट पाहत असेल ना!

१.३०. बाकावर बसलाय.

मला पाहून तोंड फिरवलं. म्हणाला, सकाळीच सांगितलंस ना तोंड दाखवू नको म्हणून, मग आता मागे मागे का आलीस. सकाळीच! त्याच्यासाठी अजून तोच दिवस आहे. चार वर्षं एकाच दिवसाचा रुसवा घेऊन फिरतोय माझा भाऊ. मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. त्याचा चेहरा तस्साच आहे. पायांकडे मी पाहिलं नाही.

२.१५. हात धरलाय. चालतोय. सोडवून घ्यायला बघतो, ओढतो, कुरकुरतो. ओढ बाबा, ओढ.

२.५०. ओढ्याशी थांबलो. मी माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा कुणाची तरी. म्हटलं, नोकरी जाऊ दे खड्ड्यात, तू घरी चल, रोज तोंड दाखव. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हळूहळू चेहरा निवळला. हसला. हात ओढायचा थांबला.

म्हणाला, असू दे गं ताई. हवा किती छान आहे, नाही?

अरे देवा. हे काय केलं मी.

३.१५. चिमटे काढले, शिव्या दिल्या, लहानपणी पतंग फाडला होता तो मीच फाडला म्हणून सांगितलं. हसतो. नुसता हसतो.

३.२५. खडक. वळसा घातला. फाटक! दोघांना दिसतंय! त्याला विचारलं, दिसतंय का, तो म्हणाला हो, ते काय. चल, बारक्या, चल—

गाडी. साहेबांची गाडी आली आत. रजा आहे ना ह्याची? फोटोपुरता आला असणार. ओसरीच्या पायऱ्या चढतोय. मावशी उभ्या राहिल्यात. लाटणं खाली गेलं त्यांचं. मावशी, नका ना बाजूला होऊ! बाजूला झाल्या. खिशातून काहीतरी काढतोय हा. घरीही ठेवलेत मेल्यानं, घरीही चकत्या ठेवल्यात—

बारक्या विचारतोय, ताई, फाटक कुठे गेलं?

मला दिसतंय. त्याला नाही. सत्तावीस लागला.

ओढलं त्याला. पळत ओढलं. दहाव्या पावलाला त्याचा हात माझ्या हातात हलका झाला. मागे आले म्हणून अजून हातात आहे.

ह्या वाटेला माणूस कळत नाही, नंबर कळतो. साहेबासारखीच ही. ठीक आहे. नंबर तर नंबर. माझा खिळा अजून रिकामा आहे.

३.३५. माझा एक्केचाळीस त्याच्या गळ्यात घातला. त्याचा सत्तावीस माझ्या. फाटक गेलं. म्हणजे माझ्यासाठी गेलं, समोर नुसती वाट. त्याला विचारलं, तो म्हणाला, ते काय, समोर आहे. म्हटलं, धाव. मागे बघू नकोस. आईला सांग—

गेला.

दहा पावलं. अकरा. बारा. पुढेही दिसत होता! धावत होता! मग झाडीआड. मी ओरडले, जोरात, त्या फोटोसाहेबाच्या नावानं, आहेत नाहीत तेवढ्या शिव्या घातल्या. छातीत बरं वाटलं. आई दार उघडेल. मी काय, मी चिडून चिडून राहीन. मावशी कधीतरी सत्तावीसची तार तोडतीलच. मला राग पुरेल तेवढे दिवस. माझा राग काय साधा आहे?

३.५०. मागून आला.

लाल वाटेकडून. गळ्यात एक्केचाळीस. हसत.

साहेबानं एक्केचाळीसच्या खिळ्यालाही बिल्ला लावला. पाच वाजले नव्हते. मी आत आहे, माहीत होतं त्याला! माहीत होतं! चारही वाजले नव्हते, मेल्या, तुला घरी जायची एवढी— एक तास थांबवलं नाही तुला— एक माणूस दोनशे पावलांवर आहे आणि तू—

बारक्या म्हणतो, ताई, तू कधी आलीस? चल, आलंच फाटक.

तारीख माहीत नाही

फेऱ्या मोजत होते. चौदापर्यंत मोजल्या. राग धरून ठेवते. रोज पहिलं वाक्य लिहिते: त्यानं पाचपर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही. त्यानं पाचपर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही.

—

बारक्याला रोज भांडायला लावते. भांडत नाही. आईचं नाव काढलं तर म्हणतो, संध्याकाळी भेटेलच.

—

त्यानं वाट पाहिली नाही. तो ओसरीतला. भांग पाडलेला. फोटो काढतो तो.

आज ओरडायला गेले, तर आवाज लहान आला.

—

वरचं वाक्य माझ्याच अक्षरात आहे. त्यानं वाट पाहिली नाही. कुणी?

टोपीवाले आजोबा म्हणाले, कशाला एवढं लिहिता. खरंच.

—

छान वारा सुटलाय. बारक्या पुढे चाललाय, मागे वळून हाका मारतोय, चल ताई, चल, आलंच. जाते. एवढं एक लिहायचं होतं, आठवायला हवं. मी कुणावर तरी फार चिडले होते. कुणावर बरं. त्याचं नाव मीच ठेवलं होतं, त्याचं नाव—